बारा तासांचा दिवस

पानांच्या तीन जोड्या फुटल्या की काकू रोपाचा शेंडा खुडतात. नखाने, चटकन, आणि खुडलेला शेंडा तिथेच टाकून पुढच्या रोपाकडे वळतात. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, कारण ते बोटभर रोप आत्ताच कुठे उभं राहिलेलं असतं. "ठेवला तर सरळसोट वर जातो आणि संपतो," काकू म्हणाल्या. "खुडला की बुंध्यापासून फुटवे येतात. फुलं त्यांना."

अर्नाळ्यात कुणी स्वीट पी लावत असेल असं माझ्या मनातही नव्हतं. विरारहून आगाशीवरून इकडे येणारा रस्ता मोगऱ्याचा, कागड्याचा, तगरीचा, सोनचाफ्याचा. इथली फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. जानेवारीत एका घरी पाणी प्यायला थांबले, तर ओट्यावर स्टीलच्या पेल्यात जांभळ्या-गुलाबी फुलांच्या दांड्या उभ्या होत्या. वास मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नव्हता. संत्र्याच्या फुलात थोडा मध कालवावा तसा. पुन्हा पुन्हा पेल्याशी जाऊन नाक खुपसलं, तशा काकू हसल्या. पुढच्या हंगामात पेरणीपासून बघायला ये, म्हणाल्या.

पेरणीआधीचं काम बियाणं निवडायचं, आणि खरं कसब तिथेच आहे. पहिल्या वर्षी काकूंच्या मुलाने कुठून तरी झालरदार पाकळ्यांचं चित्र असलेलं पाकीट आणलं होतं. वेल पत्र्यापर्यंत गेला. डिसेंबर सरला, जानेवारी सरला, नुसती पानं. मार्चमध्ये कळ्या धरल्या आणि उन्हाने वेलासकट करपल्या. "पाणी घाल, खत घाल, सगळं केलं. मग कळलं, त्याला बारा तासांचा दिवस लागतो."

बारा तास. हा आकडा काकूंच्या तोंडून किती वेळा आला! स्वीट पीचे ढोबळ तीन गट पडतात. उन्हाळी गटाला कळी धरायला साधारण बारा तासांचा दिवस हवा, वासंतिक गटाला अकरा, आणि हिवाळी गटाचं दहा तासांतही भागतं. इंग्लंडमध्ये बारा तासांचा दिवस येतो तेव्हा बाहेर गारवा असतो. अर्नाळ्यात तो येतो मार्चच्या मध्याला, घाम घेऊन. आपल्याकडे सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो, म्हणून फक्त उन्हाळी गट सोडून बाकीचे इथे चालतात. कथबर्टसन, मॅमथ, विंटर एलिगन्स ही लवकर फुलणारी नावं काकूंनी वहीत लिहून ठेवली आहेत. रंग कोणता, हा प्रश्न त्यांच्या लेखी शेवटचा.

त्या झालरदार फुलाची कुळकथाही मजेची आहे. १६९९ साली सिसिलीतल्या फ्रान्चेस्को कुपानी या धर्मगुरूने हे बी इंग्लंडमध्ये रॉबर्ट युव्हडेल नावाच्या शिक्षकाकडे धाडलं. फूल लहान, जांभळं-किरमिजी, वास मात्र जबरदस्त. पुढे हेन्री एकफर्डने त्याची फुलं मोठी केली. १९०१ साली अर्ल स्पेन्सरच्या माळ्याने, सायलस कोलने, लाटालाटांच्या पाकळ्यांचं 'काउंटेस स्पेन्सर' प्रदर्शनात मांडलं आणि जग त्याच्या मागे लागलं. आकाराच्या या शर्यतीत कितीतरी वाणांचा वास पातळ झाला. मला विचाराल तर हा सौदा तोट्याचा. मूळ सिसिलीतला वेलही तिथला कडक उन्हाळा लागायच्या आत वसंतात फुलून मोकळा होतो. म्हणजे अर्नाळ्यात काकू जी घाई करतात ती त्याच्या रक्तातलीच.

बी रात्रभर भिजवून ऑक्टोबर सरताना पेरायचं. वर जाळी, नाहीतर उंदीर एक दाणा ठेवत नाहीत. जागा घराच्या पूर्वेची: सकाळचं ऊन मिळतं, दुपारी घराची सावली पडते, आणि खाऱ्या वाऱ्याला घराचाच आडोसा. मुळांशी सुरूच्या सुयांचं आच्छादन, माती गार राहावी म्हणून. इथली माती रेताड, त्यात शिंपल्यांचा चुरा. स्वीट पीला आम्लधर्मी जमीन सोसत नाही, त्यामुळे हे आयतंच जमलं आहे. पाणी मात्र सांभाळावं लागतं. विहिरीची चव दिवाळीनंतर मचूळ व्हायला लागते, तेव्हा काकू बावखलातलं, म्हणजे गोड्या तळ्यातलं, पाणी कळशीने आणून घालतात.

शेजारी मोगऱ्याची वाडी असलेले दादा कुंपणावरून सगळं बघत असतात. त्यांनी मासळीचं खत देऊ केलं. काकूंनी नको म्हटलं. हा वेल वालाच्या जातकुळीतला, मुळांवरच्या गाठींतून आपला नत्र आपणच मिळवणारा. वरून आणखी घातला तर पाला माजतो. दादांना हे पटलं नाही. त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "देवाला चालतं का? गजऱ्यात येतं का? मग कशाला?"

प्रश्न अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. आपला फुलबाजार देठाविना चालतो. कळ्या खुडायच्या, ओवायच्या, वजनावर विकायच्या. स्वीट पीची सगळी किंमत दांडीत. ती लांब आणि सरळ यावी म्हणून काकू बगलफुटी काढतात, ताणेसुद्धा कात्रीने छाटतात आणि वेल सुतळीने बांबूला बांधतात. एवढं करून ती दांडी गर्दीच्या लोकलमध्ये दादरपर्यंत धड पोचणार नाही. दादांचा मोगरा घर चालवतो, काकूंचा वेल एक रुपया देत नाही. तरी मी काकूंच्याच बाजूची आहे. वाडीत एखादं झाड हिशेबाबाहेरचं असावं.

फुलं सुरू झाली की कामाला खाडा नाही. रोज सकाळी सगळी उमललेली फुलं कापायची. एकही शेंग भरू दिली की वेल कळ्या धरणं आवरतं घेतो. मी गेले त्या सकाळी काकूंना ताप होता, तरी त्या शाल गुंडाळून कात्री घेऊन बाहेर आल्या. कापलेल्या दांड्या आगाशीपर्यंतच्या ओळखीच्या घरांत वाटल्या जातात. दादांच्या घरीसुद्धा.

बियांसाठी एकच वेल शेवटी राखतात. त्या शेंगा मटारासारख्याच दिसतात आणि तिथेच धोका आहे: विदर्भातली लाखोळीची डाळ याच वेलाची सख्खी चुलत बहीण, पण स्वीट पीचं बी तर खायचंच नसतं, विषारी असतं. नातू मटार सोलायला बसतो तसा एकदा या शेंगांपाशी बसलेला दिसला, तेव्हापासून ते बी झाकणाच्या डब्यात, माळ्यावर. डब्यावर खडूने फुली.

मार्चमध्ये गेले तेव्हा वेल पिवळा पडून खालून वाळत आला होता. पानांवर भुरी. काकूंनी तो जमिनीलगत कापला, गाठींसकट मुळं मातीतच ठेवली. बांबू आणि सुतळी तशीच उभी होती, आणि ओट्यावर वाटीत कारल्याचं बी भिजत होतं.