वापरला नाही, तरी बिल कसे आले?

परदेशात मोबाइल खिशातच राहिला, कोणालाही फोन केला नाही, म्हणजे बिल येण्याचा प्रश्नच नाही, हा समज इतका पक्का रुजला आहे की परतल्यावर हाती पडलेले बिल ही कंपनीची लबाडीच, असे अनेकांना मनापासून वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. रोमिंग म्हणजे भारतीय सिमने परदेशी कंपनीचे नेटवर्क वापरणे. त्याचे पैसे ती कंपनी भारतीय कंपनीकडून घेते आणि भारतीय कंपनी ग्राहकाकडून. पुण्याहून कोणी फोन लावला, तर समोरचा माणूस पॅरिसमध्ये आहे हे लावणाऱ्याला ठाऊक नसते, त्याला तो देशातलाच कॉल पडतो आणि भारत ते पॅरिस या टप्प्याचा भार फोन उचलणाऱ्यावर येतो. येणारा कॉल फुकट, ही भारतातली सवय तिथे महागात पडते.

डेटाबाबत तर गोंधळ विचारू नये. सेटिंग तसे असल्यास स्क्रीन बंद असतानाही फोन फोटोंचा बॅकअप घेतो, अ‍ॅप अपडेट करतो आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा सुप्रभातचा व्हिडिओ कोणी न पाहताच डाउनलोड करून ठेवतो. सेटिंगमधले ‘डेटा रोमिंग’ बंद केले की हे थांबते, पण कॉल आणि एसएमएस चालूच राहतात; कितीदा सांगितले तरी नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. म्हणून बँकेच्या ओटीपीसाठी भारतीय सिमवर निघण्यापूर्वीच रोमिंग सुरू करून घ्यावे, त्याचा डेटा बंद ठेवावा आणि इंटरनेटसाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम, म्हणजे वेगळे कार्ड न घालता क्यूआर कोड स्कॅन करून सुरू होणारे सिम, घ्यावे, हे बहुधा स्वस्त पडते.

‘युरोपात रोमिंग फुकट झाले’ हे अर्धसत्य आहे. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून रोमिंगचे जादा दर रद्द केले ते तिथल्या सिमसाठी, भारतीय सिमसाठी नव्हे. शिवाय मराठी पर्यटकांच्या सहलीत हमखास असणारे स्वित्झर्लंड त्या नियमात येतच नाही, त्यामुळे फ्रान्सचे सिम तिथे चालेलच असे गृहीत धरू नये, प्लॅन आधी तपासावा.

व्हॉट्सअ‍ॅप कॉल सगळीकडे लागतो, हेही खरे नाही. दुबईत संदेश जातात, कॉलवर मात्र निर्बंध आहेत. क्रूझवर फोन किनारा सुटताच जहाजाचे उपग्रहावर चालणारे, अतिशय महाग नेटवर्क पकडू शकतो. त्यापासून वाचण्यासाठी फ्लाइट मोड लावावा; त्यात वाय-फाय चालत नाही, हा समजही चुकीचा; तो मोड लावून वाय-फाय पुन्हा सुरू करता येते.