बागकामाच्या बाह्या
गुलाब छाटताना हातमोजे पंजा वाचवतात. ओरखडे उठतात ते मनगटापासून कोपरापर्यंत. स्कूटरवर उन्हासाठी घालतात त्या ताणल्या जाणाऱ्या बाह्या इथे कुचकामी, काटा त्यांतून सरळ आत जातो. महागड्या केव्हलारच्या बाह्या पात्याची धार अडवतात, पण विणीच्या फटीतून काटा घुसतोच. गुलाब, बोगनवेल, लिंबू यांच्यासाठी जाड कॅनव्हास किंवा चामडंच हवं, मग कितीही घाम येवो.

गाजरगवताचं प्रकरण वेगळं. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण. त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे अनेकांना खाज सुटते, पुरळ उठतं. तिथे घट्ट विणीची, कोपराच्या वर जाणारी सुती बाही चालते. काम संपलं की ती उलटी करून काढावी आणि घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळी धुवावी.