दूरचा प्रवास : थांबा कोठे घ्यावा?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बडोद्यातील मराठी घरांचे वळण पुष्कळ बदलले आहे. दांडिया बाजार, रावपुरा परिसरातील जुन्या घरांतून वाढलेली मुले आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत आणि मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आई-वडिलांनी तिकडे जाणे हा आता कौटुंबिक रिवाज होऊन बसला आहे. मी बालरोगतज्ज्ञ, परंतु तिकडून आलेल्या नातवंडाला लस टोचण्यासाठी जे आजी-आजोबा येतात, ते जाता जाता स्वतःच्या पुढच्या प्रवासाविषयीही विचारतात. कोणत्या मार्गाने जावे? मध्ये किती वेळ थांबावे? हे प्रश्न प्रवासी एजंटाचे वाटतात. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी वैद्यकाचे आहेत. म्हणून आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

आपल्याकडे तिकीट बहुधा भाड्यावर ठरते. दोन मार्गांत दहा-बारा हजारांचा फरक दिसला की स्वस्त मार्ग निवडला जातो आणि मग शरीराने त्या मार्गाशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. बरोबरच्या प्रवाशांत सर्वांत नाजूक कोण, हे आधी ठरवावे. त्याच्या प्रकृतीला सोसेल असा मार्ग शोधावा. भाड्याचा विचार त्यानंतर करावा.

विमानातील हवा

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडत असले, तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरील दाबाइतका राखलेला असतो. उटी सुमारे ७,३५० फुटांवर आहे. म्हणजे बडोद्याच्या सपाटीवरचा माणूस अर्ध्या तासात उटीला नेऊन पंधरा तास खुर्चीत बसवावा, तसे हे आहे. आठ हजार फुटांच्या पातळीवर मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीवरील १५ टक्के प्राणवायूइतका भरतो. निरोगी माणसाला याची जाणीवही होत नाही. सीओपीडी, हृदयाची दुर्बलता किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्याला मात्र होते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत ही पातळी सुमारे सहा हजार फुटांपर्यंत खाली ठेवता येते. अशा रुग्णासाठी मार्ग निवडताना लांब टप्प्यावर कोणते विमान आहे, हे पाहणे योग्य. सपाट जमिनीवर पन्नास मीटर चालताना ज्याला धाप लागते, त्याचे तिकीट काढण्यापूर्वी त्याला नीट तपासावे आणि विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा अर्ज वेळेवर भरून द्यावा, एवढे व्यवसायबंधूंना सुचवतो.

प्रवासाचे दोन भाग कसे पडतात?

थांबा किती तासांचा, हे सारेच विचारतात. थांबा प्रवासाच्या कोणत्या भागात येतो, हे फारसे कोणी विचारत नाही. न्यूयॉर्क परिसराला जायचे आहे असे धरू. अहमदाबादहून आखाती देशामार्गे गेल्यास पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा आणि दुसरा सुमारे चौदा तासांचा. ही विमाने पुष्कळदा उत्तररात्री सुटतात. म्हणजे झोपेचे खोबरे होते आणि विसावा म्हणून जो थांबा मिळतो, तो माणूस दमण्यापूर्वीच संपतो. खरा लांब टप्पा अखंड पुढे उभाच असतो. मुंबईहून युरोपमार्गे गेल्यास नऊ-दहा तास आणि मग आठ-नऊ तास, असे जवळजवळ समान भाग पडतात.

याचे महत्त्व पायांतील शिरांच्या दृष्टीने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी व्यक्तीत तो सहा हजारांत एक इतकाच आहे. सरसकट सर्वांनी घाबरण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी गुठळी झालेली व्यक्ती, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, कर्करोगाचा रुग्ण, गर्भवती, अतिस्थूल व्यक्ती यांच्यासाठी प्रवास मध्यावर तोडणे हिताचे. उतरून तासभर चालणे मिळते, त्याला पर्याय नाही. आतल्या बाजूची जागा घ्यावी, पाणी पीत राहावे, पायमोज्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने घेऊ नये.

उलट, ज्या आजोबांची स्मृती डळमळीत झाली आहे, त्यांना अनोळखी विमानतळावरील गर्दी, जिने आणि घोषणा याच अधिक जाचतात. त्यांच्यासाठी बरोबर माणूस देऊन एकच थेट उड्डाण बरे. एकाच घरातील आजी आणि आजोबा यांना योग्य मार्ग निरनिराळे असू शकतात. अशा वेळी अधिक नाजूक कोण, त्याप्रमाणे निर्णय घ्यावा.

आणखी एक बाब. अमेरिकेत साधारणपणे ज्या शहरी प्रथम उतरतो, तेथेच प्रवेशाची तपासणी होते, सामान ताब्यात घ्यावे लागते आणि पुढचे विमान असल्यास ते पुन्हा सोपवावे लागते. चौदा तासांच्या प्रवासानंतर हा व्याप वृद्धांना झेपत नाही. म्हणून विमान बदलायचेच असेल, तर ते अमेरिकेबाहेर बदलावे आणि मुलगा जेथे घ्यायला येणार आहे, त्याच शहरी थेट उतरावे. ते शक्य नसेल, तर अबू धाबीचा पर्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेची प्रवेश-तपासणी तेथे २०१४ पासून विमानात बसण्यापूर्वीच होते. पुढे अमेरिकेत उतरणारा प्रवासी देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. मात्र त्यासाठी तेथे वेळ हाताशी हवा.

किती वेळ पुरेसा?

व्हीलचेअर मागणारा प्रवासी विमानातून बहुधा सर्वांत शेवटी उतरतो आणि पुढच्या विमानात त्याला आधी नेतात. त्यामुळे तिकिटावरचे दोन तास त्याच्या वाट्याला एकच तास म्हणून येतात. वृद्ध आणि लहान मूल यांच्यासाठी मी तीन ते चार तास सुचवतो. आठ तासांहून अधिक थांबा असेल, तर खुर्चीवर बसून काढण्याची हौस नको. आडवे होण्याची सोय करावी. दुबई, दोहा, सिंगापूर येथे विमानतळाच्या आतच तासांच्या हिशेबाने खोली मिळण्याची व्यवस्था आहे. युरोपात थांबताना ट्रान्झिट व्हिसा लागतो की नाही, याचे नियम देशागणिक भिन्न आहेत आणि बदलत असतात. ते तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी पाहावेत.

तान्ह्या बाळाचा हिशेब

बाळाला उंचीपेक्षा उतरण्याचा त्रास अधिक. विमान खाली येताना कानावरचा दाब बदलतो आणि बाळ कळवळून रडते. त्या वेळी स्तनपान किंवा बाटली द्यावी. गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात. जितके थांबे अधिक, तितक्या वेळा हे सोसावे लागणार. म्हणून तान्ह्या बाळासाठी एकच थांबा पुरे. रांगत्या मुलाला मात्र तो थांबा वरदान ठरतो; तेथे त्याला मनसोक्त रांगू द्यावे. पाळण्याची जागा आधीच राखून ठेवावी आणि वजनाची मर्यादा विचारून घ्यावी. परतीच्या आधी दोन वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलासाठी परतीचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते, हेही ध्यानात असावे. ‘झोपेचे औषध देऊ का?’ असे मला हमखास विचारतात. माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या औषधाने काही मुले उलट अधिक चिडचिडी होतात, आणि लहान बाळाच्या श्वसनावर दुष्परिणाम होण्याची भीती असते.

एकच तिकीट, हाताशी औषध

माझ्या परिचयातील सत्तरीच्या एका जोडप्याने दोन निरनिराळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे काढली; बारा हजार रुपये वाचले. पहिले विमान चार तास उशिरा पोहोचले, दुसरे निघून गेले होते. दुसऱ्या कंपनीने हात वर केले. स्वतंत्र तिकिटामुळे तिच्यावर कसलेच बंधन नव्हते. सामान घेण्यासाठी त्या देशात प्रवेश हवा आणि व्हिसा नव्हता. गृहस्थांचे इन्सुलिन त्या मोठ्या बॅगेत होते. एकोणीस तास त्यांनी खुर्चीवर काढले. नातीच्या बारशाला ते पोहोचले, परंतु पहिले दोन दिवस रुग्णालयात गेले. सर्व टप्पे एकाच आरक्षणात असते, तर त्यांना पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीवर आली असती.

आकाशातील वाटाही आता पूर्वीसारख्या भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. २०२२ साली रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या विमानांना बंद झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अमेरिकेच्या काही ‘थेट’ उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये कतारचे आकाश काही तास बंद होते आणि विमाने भलतीकडे वळवावी लागली. म्हणून निघण्याच्या आठवड्यात मार्ग पुन्हा तपासावा आणि प्रवासाच्या तासांखेरीज आणखी तीन दिवसांची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन सामानाच्या कोठारात कधीही नको. तेथे ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, त्यामुळे इन्सुलिनच्या मात्रांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी आणि तिच्यात औषधांची मूळ नावे असावीत. आपल्याकडील कंपन्यांची नावे परदेशी डॉक्टरांना उमगत नाहीत.

शेवटी, गृहिणींसाठी एक सूचना. दिवाळीला निघताना लेकीसाठी अनारशांचा डबा भरला जातोच. संयुक्त अरब अमिरातीत खसखस प्रतिबंधित आहे, आणि कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवरही तेथे कडक नियंत्रण आहे. त्या मार्गाने जाणार असाल, तर अनारसे पोहोचल्यावर लेकीच्याच स्वयंपाकघरात करावेत. ते ताजे खायला मिळतील आणि नातवंडांना करतानाही पाहता येतील.