रिकामा हात व स्थिर मन

परीक्षेची घंटा होतांच ज्याच्या हातास कंप सुटतो, घसा कोरडा पडतो व पाठ केलेलें ऐन वेळीं आठवत नाहीं, असा विद्यार्थी बहुतेक प्रत्येक वर्गांत असतो. त्यास भित्रा म्हणणें अन्यायाचें होय. संकटाची चाहूल लागतांच मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत सोडितात. त्यायोगें नाडी व श्वास जलद होऊन शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतें. वाघापुढें ही योजना उपकारक खरी. परंतु प्रश्नपत्रिकेपुढें लढतांही येत नाहीं व पळतांही येत नाहीं!

या शक्तीस लगाम घालण्याचा एक मार्ग कराटे या विद्येंत आहे. कराटे म्हणजे रिकामा हात. ही विद्या ओकिनावा बेटाची. तेथील एक शिक्षक गिचिन फुनाकोशी यांनीं १९२२ सालीं तिचे प्रयोग तोकियो येथें करून दाखविले. हे गृहस्थ बाळपणीं प्रकृतीनें अशक्त होते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

कराटेचा पाठ नमस्कारानें आरंभतो व नमस्कारानेंच संपतो. प्रथम मूळ हालचाली, मग त्यांची ठराविक मालिका म्हणजे ‘काता’, व शेवटीं जोडीदाराशीं ‘कुमिते’. कातेंत हालचालींचा क्रम स्मरावा लागतो, तोल सांभाळावा लागतो. त्यामुळें पायांबरोबर मेंदूसही व्यायाम घडतो. कुमितेंत गुरूच्या देखरेखीखालीं भय थोडथोडें अनुभवास येतें, आणि छाती धडधडत असतांही विचार करितां येतो, हें मूल स्वतः शिकतें. श्वास सावकाश सोडिला असतां हृदयाची गति मंदावते, हाही लाभ आहेच.

लंडन येथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत काळा पट्टा मिळविलेले १२ जण व कराटे न शिकलेले १२ जण यांच्या, अगदीं जवळून मारलेल्या ठोशांची तुलना केली. कराटेपटूंच्या ठोशाच्या जोराचा संबंध खांदा व मनगट यांच्या हालचालींच्या अचूक मेळाशीं दिसून आला. लहान मेंदूंतील तंतूंच्या रचनेशींही त्या मेळाचा संबंध आढळला. अर्थात् हा फरक केवळ सरावानेंच घडला, असें एवढ्यावरून सिद्ध होत नाहीं.

मूल भांडखोर होईल, अशी धास्ती कित्येक पालकांस वाटते. जेथें गुरु इजा करण्याची वाहवा करितो, तेथें ती धास्ती रास्तच आहे. अशा ठिकाणीं मुलांस धाडूं नये. परंतु जेथें उगारलेला हात वेळीं आवरण्यास शिकवितात, तेथें निःशंक मनानें पाठवावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, पुढील परीक्षेंत हात कांपूं लागल्यास दोन्ही पाउलें जमिनीवर नीट टेका, श्वास सावकाश सोडा, मग लेखणी उचला. पहिला पाठ इतकाच आहे.