दोन तासांचं विमान, सात तासांचा प्रवास

मी गंगापूर रोडवरून बोलतेय. आज विषय आहे अंतराचा आणि वेळेचा. आता बचत गटाच्या बायका सरस मेळ्यासाठी दिल्लीपर्यंत जातात, म्हणून हा हिशोब आपल्याला यायलाच हवा.

आमच्या गटातल्या दोघींचं सकाळी दहाचं विमान होतं. त्यांनी हिशोब केला, ओझरला जायला एक तास, म्हणजे नऊला निघालं की झालं. पोचल्या पावणेदहाला. खिडकी केव्हाच बंद झाली होती. तिकिटाचे पैसे गेले, मेळ्यातला पहिला दिवस गेला, आणि पैसे गटाचे होते. चूक त्यांची नव्हती. हे आधी समजावून सांगायला हवं होतं, ते मीच सांगितलं नव्हतं.

आधी अंतर बघू. नाशिक ते दिल्ली नकाशावर सरळ दोरी धरली तर साधारण १००० किलोमीटर भरतं. रस्त्याने तेच साडेबाराशेच्या आसपास जातं आणि रेल्वेने १३०० च्या वर. रस्ता आणि रूळ घाट, नद्या, गावं बघून वळतात. विमानाला डोंगर आडवा येत नाही, तरी तेही अगदी सरळ जात नाही. आकाशातही ठरवून दिलेल्या वाटा असतात.

आता वेळ. उंचावर गेल्यावर विमान तासाला ८०० किलोमीटरच्या आसपास जातं. मग १००० किलोमीटरला सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर मात्र दोन तासांच्या जवळपास लिहिलेलं असतं. कारण धावपट्टीपर्यंत हळू चालत जाणं, वर चढणं, दिल्लीच्या गर्दीत उतरायची पाळी येणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

पण आपला प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजायचा. गंगापूर रोडवरून पंचवटी, आडगाव करत ओझरला एक तास. विमान सुटायच्या दोन तास आधी पोचायचं, कारण सामान घ्यायची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. विमानात दोन तास. उतरल्यावर सामान मिळायला अर्धा तास, आणि दिल्लीत मुक्कामी जायला एक-दीड तास. झाले की नाही सात तास! रेल्वेला साधारण वीस तास लागतात, पण तिकीट स्वस्त आणि पापड-मसाल्याची पोती सोबत नेता येतात. विमानात जास्तीच्या वजनाला जास्तीचे पैसे पडतात. म्हणून माल जास्त असेल तर रेल्वे, हातात दिवस कमी असतील तर विमान.

अजून एक गंमत. कुणाचा मुलगा दुबईला असतो. मुंबईहून दहाला निघालेलं विमान तिथे साडेअकराला पोचतं, असं तिकिटावर दिसतं. प्रवास दीड तासाचा नाही बरं, तीन तासांचाच आहे. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे चालतं. तिकिटावर निघायची वेळ इथली आणि पोचायची वेळ तिथली असते. म्हणून येताना तोच प्रवास साडेचार तासांचा वाटतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. वहीत विमानाची वेळ लिहा आणि तिथून उलटं मोजत या. दहाचं विमान, आठला ओझर, सातला घर. रस्त्यात गर्दी होते, म्हणून साडेसहालाच निघा. ओळखपत्र आदल्या रात्रीच पर्समध्ये टाका.

येते मी. नमस्कार.