पर्णछत्राचे मोजमाप : जमिनीवरील लेसर स्कॅनिंग

जंगलाच्या तळाशी किती ऊन पोहोचते, झाडे किती बाष्प सोडतात, लाकडात किती कार्बन साठतो, हे सारे पाने व फांद्या कोणत्या उंचीवर किती आहेत यावर अवलंबून असते. झाड न तोडता ही रचना कशी मोजतात, ते या पाठात पाहू.

तत्त्व

तिपाईवर बसवलेला स्कॅनर चोहीकडे व वर लेसर स्पंद सोडतो. स्पंद पानावर आदळून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर मिळते :

अंतर = प्रकाशाचा वेग × वेळ ÷ २

२० मीटरवरील पानासाठी हा वेळ सुमारे १३३ नॅनोसेकंद असतो. वेळ मोजताना १ नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. अंतर व दिशा मिळून एक बिंदू ठरतो. अशा लाखो बिंदूंच्या संचाला बिंदुमेघ म्हणतात.

पोकळीवरून क्षेत्रफळ

काही स्पंद कशालाही न लागता आकाशात निघून जातात. त्यांचे प्रमाण म्हणजे पोकळी-अंश. शिरोबिंदूपासून ५७.५° कोनात पानांच्या कलाचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. तेथे बीअर-लॅम्बर्ट नियमानुसार :

निर्देशांक ≈ −१.०७ × (पोकळी-अंशाचा नैसर्गिक लॉगॅरिदम)

समजा, पोकळी-अंश ०.१० आहे. त्याचा लॉगॅरिदम −२.३०, म्हणून निर्देशांक सुमारे २.५. म्हणजेच १ चौरस मीटर जमिनीवर सुमारे २.५ चौरस मीटर आच्छादन.

उत्तर कोठे फसते?

१. यात पानांबरोबर लाकूडही मोजले जाते. सागासारख्या पानझडी वनात पानगळीनंतर त्याच जागांवरून पुन्हा स्कॅन घेतल्यास पानांचा वाटा अंदाजता येतो.

२. नियम पाने यदृच्छ विखुरलेली मानतो. प्रत्यक्षात ती झुबक्यांनी असतात, त्यामुळे निर्देशांक खऱ्यापेक्षा कमी येतो.

३. खोडामागचा भाग स्कॅनरला दिसत नाही. तेथे बिंदू नाहीत म्हणून ती जागा रिकामी समजू नका. यासाठीच अनेक जागांवरून स्कॅन घेऊन ते परावर्तक खुणांच्या आधारे जोडतात.

४. वाऱ्याने फांद्या हलल्या, तर जोडलेल्या स्कॅनमध्ये एकच फांदी दोनदा दिसते. शांत हवेतच काम करा.

स्वाध्याय

पोकळी-अंश ०.१० वरून ०.०५ झाला, तर निर्देशांक दुप्पट होईल का? आकडेमोड करून कारण लिहा. (उत्तर : नाही, सुमारे ३.२)