पाचारणाची पारख



‘मला धर्मगुरू व्हायचे आहे,’ असे आपला मुलगा म्हणाला, तर आपल्या मनात प्रथम काय येते? त्याचे शाळेतील गुण, की शेतावर कमी होणारे दोन हात?

फ्रान्समधील दार्दिली गावी १७८६ साली जन्मलेल्या योहान मरिया वियान्नी याच्या शेतकरी पित्यासही हीच चिंता होती. त्याने संमती सहजासहजी दिली नाही. विशीत योहान लॅटिन शिकू लागला, पण ती भाषा त्यास साधेना. लियोंच्या सेमिनरीतून त्यास परत पाठविण्यात आले. तथापि एक्यूलीचे धर्मगुरू फादर बाले यांनी त्यास स्वतः शिकविले आणि त्याची भक्ती जाणून वरिष्ठांपाशी रदबदली केली. १८१५ साली, एकोणतिसाव्या वर्षी, त्यास गुरुदीक्षा मिळाली. पुढे आर्स या खेड्यात पापनिवेदन ऐकण्यात त्यांचे दिवसाचे बारा ते सोळा तास जात. १९२५ साली ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून घोषित केले.

ओढ मुलाच्या अंतःकरणात उपजते. पारख मात्र ख्रिस्तसभा करते. म्हणून त्यास ढकलू नका आणि अडवूही नका. आपल्या धर्मगुरूंशी त्यास मोकळेपणाने बोलू द्या, आणि रात्रीच्या रोझरीत त्याच्यासाठी एक ‘नमो मरिया’ अधिक म्हणा.